निरंक असल्यास निरंक भरावे

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत नुकतेच रुजू झाला आहात? अभिनंदन. डीएड, टीईटी, अभियोग्यता चाचणी आणि भरतीचं पवित्र पोर्टल एवढ्या सगळ्यातून जिवंत बाहेर आलात म्हणजे तुमच्यात काहीतरी दम आहे. फक्त एक गैरसमज तुमच्याही डोक्यात असणार, की शाळेत शिकवायचं असतं. मलाही होता. सतरा वर्षं झाली, अजून पुरता गेलेला नाही, त्यामुळे मधूनच उचल खातो. गेल्या गुरुवारी खाल्ली. ते पुढे येईलच. आधी आठवडा कसा लावायचा ते समजून घ्या.

आमची शाळा बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वाडीची. पहिली ते चौथी, पट एकतीस. दिवाळी झाली की निम्मी घरं ऊसतोडीला जातात, मग कागदावर एकतीस आणि सतरंजीवर बावीस-तेवीस. शाळा द्विशिक्षकी. द्विशिक्षकी म्हणजे जिथे एक शिक्षक शाळेत असतो आणि दुसरा बीएलओ, म्हणजे मतदार यादीचा कर्मचारी, असतो. आमचे सर सध्या मतदार यादीतल्या मयतांचा शोध घेत वाडीवस्तीवर फिरतायत. म्हणजे चार वर्ग आणि मी.

सोमवारची सुरुवात परिपाठाने करा. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, सुविचार, दिनविशेष. मग हजेरी. हजेरी दोनदा असते, एक मुलांची आणि एक फोनची. मुलांची दोन मिनिटांत होते. फोनवरची घ्यायला आमच्याकडे हापशापर्यंत जावं लागतं, कारण रेंज तिथेच येते. हापशाच्या कट्ट्यावर चढून उजवा हात वर धरला की दोन कांड्या दिसतात. पहिलीतली पोरं सुरुवातीला मला बघून तसाच हात वर करायची. त्यांना वाटायचं हा कवायतीचा प्रकार आहे.

परत वर्गात येता येता केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, फोनवरच्या गटावर संदेश वाजतो. ‘तातडीचे’ असेल तर चहा घ्या. ‘अतितातडीचे’ असेल तर अर्धा कप घ्या. ‘आज दुपारी ३ पर्यंत’ असेल तर घड्याळ बघा, पावणेतीन झालेले असतात. तुम्ही भरलेली माहिती मागच्या महिन्यातही भरली होती, त्याआधी सरल पोर्टलला होती, यूडायस या शाळांच्या नोंदणीला आहे, केंद्रप्रमुखांच्या वहीत आहे. तसं कुणाला विचारू नका. विचारणारे शिक्षक ‘असहकार्य’ या सदरात जातात.

फोटोचं मात्र मनावर घ्या. शिकवलं नाही तर कुणाला कळत नाही, फोटो नसला तर तालुक्याला कळतं. फोटोवर अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ हवी. मागे १५ ऑक्टोबरला जागतिक हात धुवा दिन होता. सगळ्या पोरांना रांगेत उभं केलं, हाताला साबण लावला, आणि फोनला आमची शाळा पृथ्वीवर कुठे आहे ते सापडेना. पोरं हात पुढे करून उभी. साबण वाळला. एकाच्या नाकावर माशी बसली तर तो डोळे तिरके करून बघत राहिला, पण हात हलवला नाही बिचाऱ्याने. सात मिनिटांनी रेखांश मिळाला. मग हापसा हापसला तर नुसती हवा. फोटो मात्र फार सुंदर आला, वरून शाबासकीचा अंगठा आला. पोरांनी हात चड्डीला पुसले.

मंगळवारी प्रशिक्षण असतं. विषय ‘बहुवर्ग अध्यापन’. त्या दिवशी चारही वर्ग खिचडीवाल्या ताईंकडे सोपवा, त्यांना ते प्रशिक्षणाशिवाय जमतं.

बुधवारी आहाराचा हिशेब जुळवून ठेवा. मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं तयार झाली पाहिजेत. शिजवायच्या आधी एक घास, शिजल्यावर एक घास असं करू नका, चवीची नोंद शिजल्यावरच असते. अंड्याचं विचाराल तर ते २०२३ च्या शेवटी आठवड्यातून एकदा येऊ लागलं होतं. २०२५ च्या जानेवारीत शासनाने त्याचे पैसे थांबवले आणि हवं असल्यास लोकसहभागातून द्या म्हणून कळवलं. आमचा लोकसहभाग त्या वेळी कोयता घेऊन कोल्हापूरकडे उसाच्या फडात होता. तिथून पाचटाशिवाय काही पाठवता येत नाही.

कुठल्याही योजनेत जीव अडकवू नका, हा जुन्या शिक्षकाचा सल्ला. २०२३ ला पाठ्यपुस्तकात कोरी पानं आली. वहीचं ओझं नको म्हणून. पोरांनी त्यावर विमानं काढली, २०२५ ला पानं गेली. २०२४ ला ‘एक राज्य एक गणवेश’ आला. त्यात कुणाला शर्ट ढगळ, कुणाची चड्डी चढेना, कित्येकांना तर मिळाला तेव्हा वर्ष सरत आलं होतं. डिसेंबरात अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी आली, २९ जूनला रद्द झाली. मधल्या काळात पालकांनी मला विचारलं, बाई, नक्की काय? मी म्हटलं, सुट्टी चालू आहे.

आधारचं तेवढं लक्षात ठेवा. ज्याचं आधार जुळलं नाही ते मूल संचमान्यतेत, म्हणजे शिक्षकांची पदं ठरवायच्या पटात, धरत नाहीत. चौथीतल्या एका पोराच्या जन्मतारखेत एका दिवसाचा फरक आहे. तो रोज येतो, खिचडी दोनदा घेतो, पाढे तिसापर्यंत म्हणतो, पण नाही. त्याला अपार या विद्यार्थी-ओळखीचा बारा अंकी क्रमांकही मिळालेला नाही. परवा त्याने विचारलं, ‘बाई, मग माझी हजेरी नका ना मांडू, मी उद्या शेळ्या घेऊन जातो.’ तर्कात चूक काढता आली नाही मला.

आता गुरुवार.

गुरुवारी भाषेचा तास घेण्याचा मोह होतो. टाळा. मी टाळला नाही म्हणून सांगते. दुसरीत एक पोरगी आहे. आई-बाप तोडीला, ही आजीपाशी. अक्षरं सगळी येतात, काना-मात्राही येते, पण शब्द जुळत नव्हता. प्रत्येक अक्षर सुटं, फडातल्या मोळ्यांसारखं. जूनपासून मी तिच्या मागे आहे, आणि ती माझ्या मागे. गुरुवारी अकराला ती माझ्याजवळ बसली. बोट ओळीवर. आ… जी… मग थांबली, वर बघितलं, आणि एकदम ‘आजी!’ म्हणाली. घरातल्या आजीला हाक मारावी तशी. पुढचा शब्द, ‘आजीने’. तिथे ती स्वतःच हसली. पुढे भा… क…

सतरा वर्षांत हा क्षण मी किती वेळा पाहिला ते मोजता येईल. फार वेळा नाही. तो आला की हलायचं नसतं, श्वाससुद्धा हळू घ्यायचा असतो, पाखरू ओंजळीत बसल्यासारखं.

फोन वाजला, केंद्रप्रमुख साहेबांचा. वर्गातल्या एका कोपऱ्यात कधी नव्हे ती रेंज आली होती, नशीब बघा.

‘मॅडम, तालुक्यात फक्त तुमच्या शाळेची माहिती राहिलीय. मला वरून बोलणी खावी लागतायत.’

‘कसली माहिती, सर?’

‘शाळेतल्या बंद पडलेल्या संगणकांची.’

‘आपल्या शाळेला संगणक कधी मिळालाच नाही, सर.’

‘मग निरंक भरा.’

‘सर, म्हणजे नाहीच की. तुम्हीच लिहून घ्या ना.’

‘असं चालत नाही. निरंक असल्यास निरंक भरावे. लिंकवरच भरावे.’

मी पुस्तक उपडं ठेवलं, तिला म्हटलं ‘आलेच हं’, आणि हापशाकडे गेले. लिंक उघडेना. उघडली तर ओटीपी येईना. ओटीपी आला तर तो मुख्याध्यापकांच्या फोनवर, म्हणजे बीएलओ सरांच्या, म्हणजे दोन डोंगरांपलीकडे. त्यांनी तो एका मयताच्या घरातून मला सांगितला, मागे रडण्याचा आवाज येत होता. तो घालते तोवर मुदत संपली. दुसरा. मग यूडायसचे अकरा अंक. मग ‘बंद संगणकांची संख्या’ या रकान्यात शून्य टाकलं तर तो लाल झाला: शून्यापेक्षा मोठी संख्या भरावी. मी कट्ट्यावर उभी राहून भर उन्हात, बाईमाणूस, मोठ्याने काय बोलले ते लिहीत नाही. शेवटी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, ‘हां, तो एरर सगळ्यांनाच येतोय. एक भरा सध्या.’

एक भरला. आता आमच्या शाळेत एक बंद पडलेला संगणक आहे. त्याच्या दुरुस्तीचा प्रस्ताव मागवणारं पत्र यायचं आहे.

चाळीस मिनिटं गेली. परत आले तर वर्गात चिडीचूप. वाटलं, शहाणी लेकरं. दारातून वाकून बघितलं. शाळा-शाळा खेळत होती. तीच पोरगी बाई झाली होती. माझ्या खुर्चीत बसलेली, डाव्या हातात पाटी तोंडासमोर धरलेली, आणि उजवा अंगठा पाटीवरून खाली-वर, खाली-वर. समोर पहिली-दुसरीची पोरं हाताची घडी घालून. एकाने पुस्तक पुढे केलं, ‘बाई, ह्ये कसं वाचायचं?’ तिने मान वर न करता सांगितलं, ‘थांब रे जरा, लिंक भरत्येय.’

पाटी होती हो ती. लिहायची पाटी.

बरं, सल्ले राहिले. शुक्रवारी गुरुवारची लिंक पुन्हा भरा, पहिली चुकीची होती.

शनिवारी ‘आनंददायी शनिवार’ असतो. २०२४ पासून आहे. दप्तर नाही, प्राणायाम आहे, गोष्टी आहेत, ताणतणावाचं नियोजन आहे. आनंद झाल्याचे तीन फोटो बारापर्यंत पाठवा.

आणि इथे मला पुढचा सल्ला सुचत नाहीये. कारण सल्ला द्यायला डोकं थंड लागतं. साहेब, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं सत्ताविसावं कलम तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक, या तीन कामांशिवाय शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. बंद संगणक यातल्या कशात बसतो? आपत्तीत? ऑगस्ट २०२४ ला शासनानेच अशैक्षणिक कामांची यादी काढली. आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. मग त्या यादीची अंमलबजावणी होते का, हे कळवायला आम्हाला लिंक आली. मी भरली. लाज वाटते सांगायला, पण भरली.

त्याच कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन लिहिलंय. माझ्या वर्गात येऊन एक आठवडा नुसतं घड्याळ लावा. फोटो नको, घड्याळ. किती तास भरतात ते तुमच्या रकान्यात टाका आणि बघा लाल होतंय का. २०२४ च्या असर या शिक्षण सर्वेक्षणाच्या अहवालात देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. तो आकडा आला की तुम्ही आमची बैठक घेता, आम्हाला उभं करता, आणि बैठकीतच पुढची लिंक टाकता. ते पोर वाचायला लागतं कधी? मी त्याच्या शेजारी बसते तेव्हा. दुसरी कुठलीही पद्धत नाही. असती तर तुमच्या नातवंडांनाही ॲपनेच वाचायला शिकवलं असतं, त्यांना शहरातल्या शाळेत घातलं नसतं.

आणि मास्तर लोकहो, आपणही काही कमी नाही. आपल्यातल्या निम्म्यांना लिंक बरी वाटते, मला माहीत आहे. लिंक भरली की काम झालं असं दिसतं. पोराच्या शेजारी जूनपासून डिसेंबरपर्यंत बसलं तरी काम झालं असं दिसत नाही. गटावर पहिला फोटो कुणाचा, याच्या शर्यती लावता, ‘सर्वप्रथम १०० टक्के माहिती’ म्हणून केंद्राचं अभिनंदन स्वतःच करता, आणि मग दुपारच्या सुट्टीत म्हणता, शिकवू देत नाहीत हो. कुणी मागण्याआधी देताय तुम्ही. मीसुद्धा दिलंय. ती पोरगी तसला अंगठा हवेतून शिकली नाही.

सोमवारी साडेदहा ते साडेबारा माझा फोन कपाटात राहील, किल्ली ताईंकडे. लागला नाही म्हणून नोटीस काढायची असेल तर काढा, पोस्टाने पाठवा, मी सही करून घेईन. ती ‘भाक’पर्यंत आली होती. ‘री’ राहिलाय. त्या दोन तासांत माझ्या शाळेची कसली माहिती राहिली, तर तुम्हीच निरंक भरा.