वय वर्षं बासष्ट (काट्यानुसार)

बागेच्या फाटकाशी सकाळी टेबल टाकून बसणाऱ्या फुकट तपासणीवाल्यांना मी एरवी लांबून नमस्कार करून सटकतो. परवा बायको बरोबर होती. "फुकटच आहे ना, जा की," म्हणाली. बूट-मोजे काढून काचेच्या काट्यावर उभा राहिलो, आणि छातीवर भलामोठा बिल्ला लावलेल्या पोरानं पलीकडच्या हास्यक्लबालाही ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "सर, तुमच्या बॉडीचं वय ६२!"

मी ४७ वर्षांचा आहे.

मुळात तो काटा चरबी मोजतच नाही. तळपायातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडतो. पाणी असलेल्या भागातून तो सहज जातो, चरबीत अडखळतो. त्या अडखळण्यावरून आणि आपणच सांगितलेल्या वय-उंचीवरून यंत्र अंदाज बांधतं. पाणी कमी प्यायलेलं असलं की चरबी जास्त दिसू शकते, आणि माझ्या पोटात तोवर अर्धा कप चहा होता. एवढं सांगायला मी तोंड उघडलं, तर मागून आवाज आला, "६२? अहो, मी ७१ चा, माझं ५० आलं!"

कानटोपी, मफलर, खाली मात्र बर्म्युडा. हे काका त्या टेबलाचे कुणीही नव्हते. स्वतःची तपासणी उरकून ते इतरांचे आकडे ऐकायला थांबले होते.

"रोज खाता काय?" पोराचं काम काकांनी परस्पर ताब्यात घेतलं.

"आपलं नेहमीचंच. पोळी-भाजी, वरण-भात."

"घ्या!" काका रांगेकडे वळले. "वरण-भात!" मी गुटखा म्हणाल्यासारखी रांगेत दोन-तीन डोकी हलली. "नुसता कार्ब! प्रोटीन कुठाय त्यात?"

"वरणात असतं की."

"वरण म्हणजे पाणी हो. मला विचारा मी काय खातो."

कुणीच विचारलं नाही.

"डिंकाचे लाडू. बारा महिने. डिंक म्हणजे शुद्ध प्रोटीन. ओळखायचं कसं? चिकटतो! अंड्याचा पांढरा बलक चिकट, डिंक चिकट. शरीर धरून कोण ठेवतं? प्रोटीन. मग ते चिकट नको?"

बायकोनं अगदी साळसूदपणे विचारलं, "मग गूळ पण प्रोटीनच म्हणायचा का?"

काका क्षणभर थबकले. "गूळ उष्ण असतो वहिनी. त्याचं वेगळं आहे." आणि सावरून पुढे, "आमच्या घराण्याच्या डीएनएतच आहे डिंक."

डीएनएत चार अक्षरांत मिळून तीनशे कोटी जागा भरलेल्या असतात. कोणतं प्रथिन कसं बांधायचं आणि कधी बांधायचं, असला मजकूर त्यात असतो. लाडवाचा उल्लेख नसतो. आणि डिंक म्हणजे झाडाच्या जखमेतून पाझरून वाळलेला चीक. जवळजवळ सगळा साखरेच्या रेणूंच्या फांद्या फुटलेल्या साखळ्यांचा. म्हणजे कार्ब! काका बारा महिने कार्ब खाऊन ५० चे, आणि मी कार्ब खातो म्हणून ६२ चा. वर त्यांचा लाडू तुपातला.

वरण-भाताबद्दल तर मी भांडायला तयार आहे. प्रथिनं वीस अमिनो आम्लांची बनतात. त्यांतली नऊ शरीराला बनवता येत नाहीत, ती ताटातूनच यावी लागतात. भातात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. दोन्ही एका ताटात आली की एकीचं उणं दुसरी भरून काढते. हे कुणी शास्त्र बघून ठरवलं असेल असं वाटत नाही. भूक आणि ऐपत यांनी ठरवलं असणार. पण दर पिढीला एक खलनायक लागतो. मधली कित्येक वर्षं तो मान तुपाचा होता, घरोघरी वरणावरची धार बंद झाली. अंगातल्या एकूण एक पेशीचं आवरणच मुळी स्निग्ध पदार्थांचं, हे तेव्हा कुणी ऐकून घेत नव्हतं. आता तूप परत आलंय आणि भात कोपऱ्यात उभा आहे.

एवढ्यात पोरगा बायकोकडे वळला. "मॅडम, तुमच्यासाठी कोलॅजेन. चेहऱ्याला." डब्याची किंमत ऐकून तिचा चेहरा तसाच ताणला गेला.

कोलॅजेन म्हणजे कातडी, हाडं धरून ठेवणारं प्रथिन. त्याचं मला खरंच अप्रूप आहे. १९५४ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था या शास्त्रज्ञांनी त्याची तीनपदरी रचना मांडली, आणि त्यासाठी कांगारूच्या शेपटीतला स्नायुबंध वापरला. मद्रासमध्ये कांगारू! त्या पिळात दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन, कारण आतल्या चिंचोळ्या जागेत मावण्याइतकं बारीक तेवढंच. इतकं देखणं प्रकरण पाण्यात ढवळून प्यायलं की पोट त्याचे तुकडे करतं. पोटाला डब्यावरचा फोटो दिसत नाही. ते तुकडे गालावरच जातील, ही हमी कोण देणार? शरीर आपलं कोलॅजेन आपणच विणतं, त्याला क जीवनसत्त्व लागतं, आणि फाटकाच्या दुसऱ्या बाजूला एक बाई आवळे घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याकडे गिऱ्हाईक नव्हतं.

"आणि सर, पहिल्या आठवड्यात तीन किलो कमी. गॅरंटी."

"त्यातलं पाणी किती?" मी विचारलं.

त्यानं काका लांब असल्याची खात्री केली आणि हळूच म्हणाला, "बरंचसं पाणीच, सर. ग्लायकोजेन, म्हणजे अंगातला साखरेचा साठा, संपतो ना. एका ग्रॅमबरोबर तीन ग्रॅम पाणी जातं. बायोटेक केलंय मी, बी.एस्सी."

इथे माझी गंमत जरा संपली. पोराला सगळं माहीत होतं. त्याच्या आईबापांनी फी भरली असणार, कॉलेजनं ती मोजून घेतली असणार, आणि डीएनए वेगळा करायला शिकलेला मुलगा थंडीत फाटकाशी उभा राहून लोकांना त्यांची खोटी वयं सांगतोय. कुठल्याशा लॅबमध्ये होता म्हणे, तिथल्या पगारात भाडंही निघत नव्हतं. वाईट वाटलं. पण ६२ हा आकडा हळू आवाजातही सांगता आला असता, तेही तितकंच खरं.

फॉर्मवर बायकोनं माझा नंबर लिहिला होता. त्याच संध्याकाळी मला 'फिट फॅमिली' नावाच्या ग्रुपात घेण्यात आलं. रोज पहाटे "गुड मॉर्निंग चॅम्पियन्स". काल काकांनी तिथे डिंक, चिकटपणा आणि प्रोटीन यांवर सविस्तर संदेश टाकला. खाली एकोणीस नमस्कार आले. मी शांतपणे, मुद्देसूद लिहिलं की डिंक हे कर्बोदक आहे, प्रथिन नव्हे.

काका ॲडमिन आहेत. उत्तर लगेच आलं : "कृपया ग्रुपवर राजकारण नको."