तक्रारच येत नाही म्हणजे माल चांगला?

चटणी-मसाला, फरसाण, लोणची करणाऱ्या आमच्या मंडळींत एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. सार असं: चांगल्या मालाला तक्रार येत नाही, लॅबचा रिपोर्ट पास असेल तर गिऱ्हाईक खोटं, बहुतेकांना फुकटचं पाकीट हवं असतं, ते द्या आणि विषय मिटवा. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका मसाला कारखान्यात क्वालिटी बघते. हा मेसेज मला मालकांनीच पाठवला, म्हणून हे लिहिणं.

तक्रार येत नाही? कोल्हापूरचं गिऱ्हाईक तक्रार करत बसत नाही, दुकान बदलतं. चटणीला खवट वास आला तर बाई पाकिटावरचा नंबर लावणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात ब्याडगी-संकेश्वरी मिरची घेऊन थेट चटणी कुटायच्या डंकावर जाईल. तुमच्या रजिस्टरात तिची नोंद नाही. तक्रारीसाठी फोन नंबर छापणं २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनी सक्तीचं आहे, पण तो उचलणं कुणी सक्तीचं केलेलं नाही. काही ठिकाणी तो मालकाच्या जुन्या मोबाईलचा असतो. तिथे तक्रारी शून्यच असणार की.

आता रिपोर्टचं. समजा हजारात एका पाकिटाचं सील कच्चं आहे. दहा हजारांच्या बॅचमधली २० पाकिटं तपासली, तर त्यात एकही कच्चं न सापडण्याची शक्यता ९८ टक्के! रिपोर्ट पास, आणि सुमारे १० कच्ची पाकिटं टेम्पोत. शिवाय लॅब बघते ते आजचं पाकीट. गगनबावड्याच्या पावसात दोन महिने दुकानात टांगलेलं पाकीट लॅबने कुठे बघितलंय? ते गिऱ्हाईकच फोडतं.

फुकटे असतात, नाही म्हणत नाही. एकाने तर दुसऱ्याच कंपनीचं पाकीट आणून दिलं होतं. पण गारगोटी, इचलकरंजी आणि मलकापूरचे तीन फुकटे एकमेकांना विचारून एकाच बॅचवर बोट ठेवत नाहीत. एका पावसाळ्यात आमच्याकडे ‘चटणीचे गोळे झाले’ असे फोन येत होते. एकेक वेगळा बघितला तर वाटायचं, ओला चमचा घातला असेल. तारखा एका कागदावर मांडल्या तेव्हा दिसलं की सगळा माल सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीचा, आणि तोही सकाळचा. सीलिंग मशीनचा जबडा पुरता तापायच्या आधीच पॅकिंग सुरू होत होतं. पहिली पाकिटं वरून चिकटलेली दिसायची, पण आत हवा जायची. उपाय काय, तर तापमानाचा काटा जागेवर आल्याशिवाय पट्टा सुरू करायचा नाही. एक रुपया खर्च नाही.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट मान्य करते: गिऱ्हाईक म्हणेल तसं करत सुटलं तर वाटोळं होतं. गुळाचंच बघा. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तरी ‘गूळ काळा आहे’ ही तक्रार जुनीच. ती शब्दशः ऐकून कित्येक गुऱ्हाळांत काहिलीत हायड्रोज ही रंग उजळवणारी रासायनिक पावडर पडू लागली आणि गूळ पिवळाधमक झाला. भेंडीच्या चिकानं मळी काढलेला साधा गूळ तपकिरी असतो. इथे पिवळेपणा विकण्यापेक्षा गिऱ्हाईकाला हे सांगणं बरं.

राहिलं पाकीट बदलून देणं. द्या की, पण आधी जुनं परत मागा. फरसाणात किडा निघाला तर तो जपून ठेवायला सांगा. किड्याच्या अंगात फॉस्फेटेज नावाचं विकर असतं, ते उष्णतेनं निकामी होतं. ते तपासलं की किडा तळणीच्या आधी पडला की नंतर, याचा अंदाज लागतो. आधीचा असेल तर बेसनाचं गोदाम बघायचं, नंतरचा असेल तर पॅकिंग किंवा दुकान. किडा गिऱ्हाईकाच्या केराच्या टोपलीत गेला की तुम्ही दोन्हीकडे आंधळे.

आमच्याकडे फोन घेणाऱ्या मुलीसमोर एक कागद चिकटवलाय: बॅच नंबर काय, कुठून घेतलं, कधी फोडलं, कशात ठेवलं. नवीन पाकिटाची ओळ पाचवी आहे.