टॅमॉक्सिफेनने रक्त ‘घट्ट’ होते म्हणून गोळी सोडणाऱ्यांसाठी

मावशीच्या औषधाच्या डब्यात नऊ गोळ्या जास्त निघाल्या, तेव्हा कुठे कळले की तिने नऊ दिवस टॅमॉक्सिफेन घेतलेलेच नाही. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन तिला दोन वर्षे झाली आहेत. तिला व्हॉट्सॲपवर आलेल्या निरोपात म्हटले होते की ही हार्मोनची गोळी प्लेटलेट वाढवून रक्त घट्ट करते, दर तिसऱ्या बाईला गुठळी होते, म्हणून ती बंद करून रोज लसूण आणि ॲस्पिरिन घ्यावे.

टॅमॉक्सिफेन हे हार्मोन नाही. स्तनाच्या पेशींत ते इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची जागा अडवते, मात्र यकृतात ते इस्ट्रोजेनसारखेच वागते. त्याने प्लेटलेट वाढत नाहीत. क्वचित कमी झाल्याच्या नोंदी आहेत. यकृतात तयार होणारी, रक्त गोठण्याला आवर घालणारी अँटिथ्रॉम्बिनसारखी प्रथिने मात्र थोडी घटतात आणि पायाच्या खोल शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. निरोपात खरे आहे ते एवढेच, आणि ते मान्य करायलाच हवे.

पण हा धोका किती? अमेरिका आणि कॅनडातील 13,388 स्त्रियांवर झालेल्या, 1998 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या जणींना टॅमॉक्सिफेन आणि निम्म्या जणींना औषध नसलेली गोळी दिली होती. सुमारे साडेचार वर्षांत खोल शिरेतील गुठळी पहिल्या गटात 35 जणींना आणि दुसऱ्या गटात 22 जणींना झाली. फुप्फुसात गुठळी अडकण्याचे प्रमाण 18 विरुद्ध 6 होते. फुप्फुसातला धोका तिप्पट झाला हे खरे, पण तशी गुठळी साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांतल्या अठरा जणींनाच झाली. ‘दर तिसरी बाई’ हा आकडा कुठून आणला, हे लिहिणाऱ्याने सांगावे.

सर्वांत घातक आहे तो गोळी बंद करण्याचा सल्ला. इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या गाठींवरील चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण 2011 साली प्रसिद्ध झाले. त्यात पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू पुढील पंधरा वर्षांत सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे दिसले. हे संरक्षण मावशीने एका अनोळखी माणसाच्या शब्दावर नऊ दिवस बाजूला ठेवले होते, याचा मला अजूनही संताप येतो.

ॲस्पिरिन प्लेटलेटांना एकमेकींना चिकटू देत नाही. शिरेतली गुठळी मुख्यतः फायब्रिन या धाग्यांसारख्या प्रथिनाच्या जाळ्याची आणि तांबड्या पेशींची असते, त्यामुळे ते टॅमॉक्सिफेनवरचा उतारा नव्हे. लसूण फोडणीत घालावा. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, शस्त्रक्रिया ठरली आहे किंवा पाय प्लास्टरमध्ये आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना ते आधी सांगावे, कारण अशा वेळी गोळी काही काळ थांबवायची की नाही, हे त्यांनीच ठरवायचे असते. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध चालू असेल तर तेही लपवू नये, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास रक्तस्राव होऊ शकतो. आणि एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर निरोप वाचत न बसता लगेच रुग्णालय गाठावे.