‘घरच्या डब्ब्यावर तपासून ३५० उकळले’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ. रेडिओ परत मिळायला वेळ लागला, त्याबद्दल माफ करा. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते, सगळ्यांचे पंप चालू. आमच्या गावात दिवसा व्होल्टेज टिकतच नव्हतं, आणि अशा लाइनवर तपासलं तर चांगला वॉल्व्हही (जुन्या रेडिओतली काचेची नळी) कमजोर दिसतो. म्हणून रात्री बसलो.

पण ‘फिलामेंट मस्त पेटत होती तरी वॉल्व्ह बाद ठरवला’ हे तुम्ही लिहिलं ते मनाला लागलं. भाऊ, फिलामेंट, म्हणजे वॉल्व्हमधली तापणारी तार, पेटली म्हणजे नुसती चूल पेटली, भाकर भाजली असं नाही. इलेक्ट्रॉन सुटतात ते तिच्यावरच्या कॅथोडच्या लेपातून. तो लेप थकला की उजेड तसाच राहतो, आवाज मात्र बसतो. तुमचा आवाजाचा वॉल्व्ह ईएल८४ जातीचा. त्याला प्लेटवर २५० व्होल्ट आणि ग्रिडला उणे ७.३ दिले, तर नवा वॉल्व्ह ४८ मिलिअँपिअरच्या आसपास काटा नेतो. तुमचा १७ वर थांबला. मीटर तुमच्याकडे वळवून दाखवलं होतं, तुम्ही फोनवर बोलत होता.

मग लेप पुन्हा जागा होतो का बघायला फिलामेंटला थोडा वेळ नेहमीपेक्षा जास्त, ८ व्होल्ट देऊन पाहिलं. काटा २६ पर्यंत चढला, दुसऱ्या दिवशी पुन्हा १८. हे कधी लागू पडतं, कधी नाही, ते आधीच सांगितलं होतं. ३५० रुपये त्या मेहनतीचे. ‘झाला चांगला’ म्हणून तसाच हाती दिला असता, तर पाच तारेही मिळाले असते मला.

वॉल्व्ह तपासायच्या माझ्या घरगुती डब्ब्याचा पत्रा जुन्या स्टॅबिलायझरचा आहे, खरं आहे. आतला ट्रान्सफॉर्मर मी स्वतः गुंडाळलेला आहे. असं यंत्र नवं कुठल्या दुकानात मिळतं ते सांगा, उद्याच्या एसटीनं घ्यायला निघतो.

आणखी एक. वॉल्व्ह तुम्ही एका पिशवीत सुटे आणले होते. त्यातल्या ईसीएच८१ या दुसऱ्या वॉल्व्हचा चंदेरी गेटर (काचेच्या आतला, उरलीसुरली हवा शोषणारा थर) पांढराफटक पडला होता, म्हणजे आत हवा शिरलेली. त्याच्या तपासणीचा रुपयाही घेतला नाही. ते रिव्ह्यूत कुठं दिसलं नाही.

यापुढे रीडिंग चिठ्ठीवर लिहून देत जाऊ, वेळेचंही बघू. जुना बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) कंपनीचा ईएल८४ हाती लागला तर तुम्हालाच आधी फोन करतो. तेवढा तो एक तारा जमलं तर बघा, गावातलं दुकान आहे, लोक वाचून परत जातात.