यहूदाचा दोर आणि रक्ताचं शेत

जय ख्रिस्त.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा इस्कर्योत याच्या मृत्यूच्या बायबलमधल्या दोन हकिगतींचा मेळ बसत नाही, असं मी लिहिलं ते तुम्हाला खटकलं. तुमचं म्हणणं असं: त्यानं गळफास घेतला, मग दोर तुटला, देह खाली आपटून पोट फुटलं. मत्तयानं आपल्या शुभवर्तमानात आधीचं सांगितलं, लूकानं नंतरचं. इतकं सरळ असताना विश्वासणाऱ्यांच्या मनात संशय कशाला पेरता?

दोर तुटलाही असेल. पण मत्तयाकडे तो तुटत नाही आणि लूकाकडे दोरच नाही! त्याच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पहिल्याच अध्यायात यहूदा पालथा पडतो, बस्स. ही डागडुजी तशी फार जुनी. व्हल्गेट या बायबलच्या जुन्या लॅटिन भाषांतरात नेमक्या त्या जागी 'सुस्पेन्सुस', म्हणजे टांगलेला, असा शब्द आहे. मूळ ग्रीकमध्ये तिथं टांगण्याचा मागमूस नाही.

शिवाय दोर जोडला तरी शेत उरतंच. मत्तयात यहूदा येशूला पकडून देण्याबद्दल मिळालेली चांदीची ३० नाणी मंदिरात फेकतो आणि मुख्य याजक त्या पैशांतून परक्यांना पुरायला कुंभाराचं शेत घेतात. कृत्यांत शेत तो स्वतःच घेतो. 'पैसा त्याचा, म्हणून खरेदी त्याच्या नावावर' हे तुमचं उत्तर मला मान्य. एकाचा पैसा आणि दुसऱ्याची सही असे व्यवहार आपण गावोगाव बघतो. पण त्या जागेला 'रक्ताचं शेत' का म्हणू लागले? मत्तय म्हणतो, पैसा रक्ताचा होता; म्हणजे येशूच्या रक्ताचा. लूकाकडे यहूदाचीच आतडी त्या मातीत सांडतात. नाव एकच, रक्त दोघांचं. इथं तुमचा दोर काय करणार?

मला तर हे वेगळेपणच हवंय. दावीद राजाला दगा देणारा अहीथोफेल घरी जाऊन गळफास घेतो (२ शमुवेल १७). जुन्या कराराच्या जुन्या ग्रीक भाषांतरात तिथं जे क्रियापद आहे, तेच मत्तयानं यहूदासाठी वापरलंय. म्हणजे त्याच्या यहूदामागे अहीथोफेल उभा आहे. लूकाच्या त्याच पुस्तकात पुढे हेरोद राजाला किडे खातात. दुष्टाचा शेवट त्याच्या देहावरच दिसावा, ही त्याची सांगण्याची रीत. दोघांना एकत्र शिवलं की अहीथोफेल हरवतो, किडेही हरवतात. हाती उरते ती तिसरीच गोष्ट, जी दोघांनीही लिहिलेली नाही.

तातियन या ख्रिस्ती लेखकानं दुसऱ्या शतकात चारही शुभवर्तमानं विणून एक केलं होतं. सिरियात ते चांगलं रुळलं होतं. पाचव्या शतकात बिशप थिओडोरेट यांनी त्याच्या २०० हून जास्त प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि मंडळ्यांना पुन्हा चार वेगळी शुभवर्तमानं दिली. त्यांच्यावर संशय पेरल्याचा आरोप तुम्ही करणार नाही, असं धरून चालतो.

एक चूक मात्र माझी. 'लूकाला गळफासाची गोष्ट ठाऊकच नव्हती' असं मी बेधडक लिहून गेलो होतो. त्यानं ती सांगितली नाही, एवढंच मला दिसतं. ती ओळ काढून टाकली आहे.