बेचाळीस पानांची वजाबाकी

पार्क चौकात चहाबरोबर गणित निघालं, ते अण्णांच्या नातवावरून. सहावीतलं पोरगं, पाढे तोंडपाठ, पण पेपर हातात पडला की घाम फुटतो.

"त्याला धीर द्या, शाबासकी द्या. आत्मविश्वास आला की मार्क येतात," क्लासवाले सर म्हणाले.

"काय बोलायलाव सर!" टॉवेल कारखान्यात हिशेब लिहिणारा आमचा दोस्त उसळला. "गणित सुटल्याशिवाय विश्वास कुठनं येणार? टिम्स परीक्षा बघा, देशोदेशीच्या पोरांची गणित-विज्ञानाची, १९९५ पासून दर ४ वर्षांनी होते. जपानची पोरं त्यात कायम वरच्या रांगेत. पण 'गणित जमतं का?' विचारलं की छातीठोक 'हो' म्हणणारी मोजकीच!"

"देशादेशांची तुलना नको. एकाच देशातली पोरं शेजारी शेजारी ठेवून बघ. जपानमध्येसुद्धा ज्याला भरवसा जास्त, त्याला मार्क जास्त."

दोन्ही खरं आहे, पंचाईत तीच. पोरगं स्वतःला जगाशी मापत नाही, बाजूच्या बाकाशी मापतं. सगळा वर्ग हुशार असला की बरं पोरगंही स्वतःला ढ समजतं.

"म्हणजे हुशार पोरांच्या शाळेत घातलं, तिथंच चुकलं की काय रे?" अण्णांचा कप हवेतच.

मग मी बँडुरा आणि शंक या मानसशास्त्रज्ञांचा १९८१चा प्रयोग सांगितला. पोरं ७ ते १० वर्षांची, वजाबाकीत कच्ची, गणिताचा कंटाळा असलेली. ७ बैठका, ४२ पानं. काहींना सांगितलं, दर बैठकीला निदान ६ पानं करा. काहींना फक्त शेवटचा आकडा सांगितला, ४२. पानं तीच, पण पहिल्या गटाची वजाबाकी जास्त सुधारली, स्वतःवरचा भरवसा वाढला आणि गोडीही लागली. नुसत्या 'वा बेटा'नं हे झालं नव्हतं. घास लहान केला होता आणि आपण तो संपवला, हे पोराला दिसत होतं.

"बघा, आधी सुटलं, मग विश्वास!" हिशेबवाला.

"आणि विश्वास आला म्हणूनच पुढचं पान उलटलं," सर कशाला सोडतायत.

माझ्या मते हे चक्रच आहे, पण ढकलायचं सुटलेल्या गणिताच्या बाजूनं. कोऱ्या कौतुकाचा वास पोरांना लगेच येतो.

"ते राहू द्या बे," अण्णा वैतागले, "आज रात्री किती गणितं देऊ तेवढं सांगा."

"तीन," मी म्हणालो.

"दहा तरी!" सर म्हणाले, आणि हिशेबवाल्यानं अजून चार कटिंग सांगितले.