5000 वॉटची थाप

नौपाड्यातले आमचे काका निवृत्तीच्या पैशांतून म्युझिक सिस्टीम घेणार आहेत आणि नेमका त्यांच्या हाती व्हॉट्सॲपवर सगळीकडे फिरणारा तो मेसेज पडला. जास्त वॉट म्हणजे जास्त चांगला आवाज. 5000 वॉटचा सेट घ्या, घरात गडकरी रंगायतन. एका ॲम्पला (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरला) चार स्पीकर जोडा, आवाज दुप्पट. संगीतासाठी रिसीव्हरला, म्हणजे रेडिओ वगैरे आत बसवलेल्या ॲम्पला, हात लावू नका. वायर महागडीच घ्या. काका दुकानदाराला आगाऊ रक्कम द्यायला निघाले होते!

आधी ते 5000 वॉट. हॉलमधला साधा सॉकेट 6 अँपिअरचा. 230 व्होल्टने गुणा, 1380 वॉट होतात. मग 5000 येणार कुठून? खोक्यावर त्या आकड्याशेजारी बारीक अक्षरांत 'पीएमपीओ' (क्षणभराचा म्हणे कमाल आकडा) छापलेलं असतं आणि तो कसा मोजायचा याला कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही. सेट उलटा करा, मागच्या पट्टीवरचा वीजवापर वाचा. 60 वॉट वीज घेणारं यंत्र स्पीकरला सतत 60 वॉटही देऊ शकत नाही, कारण थोडी वीज उष्णतेत जातेच. असल्याच फुगवलेल्या आकड्यांमुळे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1974 मध्ये नियम केला आणि 2024 मध्ये तो आणखी कडक केला: वॉट मोजायचे ते 8 ओहमवर (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध), 20 ते 20,000 हर्ट्झमध्ये, आवाजातली विकृती 1 टक्क्याच्या आत ठेवून. तो नियम आपल्याकडे लागू नाही, पण दुकानात विचारायचं तेच. डावं-उजवं दोन्ही चॅनेल एकदम चालू असताना, 8 ओहमवर, सतत किती वॉट?

खरे वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. फ्लॅटच्या हॉलमध्ये खरे 40-50 वॉट भरपूर झाले.

चार स्पीकरचा सल्ला तर सरळ नुकसान करणारा आहे. 8 ओहमचे चार स्पीकर एकाच चॅनेलला समांतर जोडले की ॲम्पसमोर उरतात 2 ओहम. घरगुती ॲम्प बहुधा 4 ओहमच्या खाली चालवायचेच नसतात. आवाज वाढवला की संरक्षण सर्किट सेट बंद करतं, नाहीतर आउटपुट ट्रान्झिस्टर जळतात. दुरुस्तीचा खर्च मेसेज पाठवणारा देणार आहे का?

रिसीव्हरबद्दल अर्धं खरं आहे, मान्य करतो. तेवढ्याच पैशांत सात चॅनेल, व्हिडिओ आणि डीकोडर बसवायचे म्हटल्यावर काटकसर पॉवर सप्लायमध्ये होते. खोक्यावरचा आकडा बऱ्याचदा दोनच चॅनेल चालवून काढलेला असतो. काकांना फक्त गाणी ऐकायची आहेत, त्यांना स्टीरिओ ॲम्पच योग्य. पण सिनेमाचा सराउंड हवा असेल तर रिसीव्हरच लागतो. शिवाय दोन चॅनेलचे, रेडिओसकट स्टीरिओ रिसीव्हरही मिळतात, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. दुकानात तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला लावा. किंचित मोठा वाजणारा सेट नेहमीच सरस वाटतो.

वायर? पुरेशा जाडीची साधी तांब्याची.

वाचलेले पैसे स्पीकरवर घाला, काका. फरक तिथे ऐकू येतो. आणि तुमच्या रेकॉर्ड प्लेअरसाठी ॲम्पच्या मागे फोनो इनपुट आहे ना, ते बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.